टिटवी आणि बाकीचे बेडूक

९ नोव्हेंबर २००३, रविवार

ही डायरी माझ्या हातात आली तेव्हा वर्षाचे दहा महिने उलटून गेले होते. कीटकनाशकाच्या कुठल्याशा कंपनीची आहे, दर पानाच्या खाली एक अळी छापलेली. नानांना, म्हणजे वडिलांना, संशोधन केंद्रावर कुणीतरी दिली. ते तिथे तुरीच्या प्लॉटवर मजूर आहेत. माय म्हणाली, "नाना म्हणले, रद्दीत टाकायच्या आधी तिला इचार, लागती का." तिला म्हणजे मला. माझं नाव कौसल्या, पण भाऊबीजेपासून नानांसाठी मी नुसती 'ती' आहे.

झालं असं की रामरावमामा भाऊबीजेला आले ते पाहुणे घेऊनच. मुलगा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात परमनंट. मायने घाईघाईने पोहे केले. सगळं गोडीत चाललं होतं, आणि मी मध्येच म्हणाले की मला आधी औरंगाबादला चित्रकलेची दोन वर्षं करायचीत, ए.टी.डी., मग बघू. मुलाचा बाप हसला. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे शोधत राहिला. नाना उठून बाहेर गेले, आणि तेव्हापासून माझ्याशी अक्षर बोललेले नाहीत. पाहुण्यांना मात्र मुलगी फारच पसंत पडलेली दिसते. संक्रांतीपर्यंत विचार करून सांगा म्हणाले.

मी विचार केलेलाच आहे. नानांनी करायचाय. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी औरंगाबादला जाणार नाही, हेही मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्टेशन रस्त्यावरच्या ज्या एसटीडी बूथवर मी बसते, तिथे गाडीची शिट्टी ऐकू आली की लोक बोलणं अर्ध्यावर टाकून पळतात. छत्र्या, डबे, एकदा तर कुणाची कवळी राहिली होती. आज केबिनमध्ये एक काळी प्लॅस्टिकची पेटी सापडली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उघडली.

आत पत्त्यांच्या दोन गड्ड्या. बदाम-चौकटचे पत्ते नव्हेत. प्रत्येकावर एक जीव रंगवलेला, आणि काय रंगवलेला! एका गड्डीत लोखंडी कपडे घातलेले शिपाई. दुसरीत बहुतेक बेडूक. मुकुटवाला बेडूक, भाला घेतलेला बेडूक, कमळावर ध्यान लावलेला बेडूक. पोटाच्या कातडीवरची ओल इतकी खरी की मी बोट लावून पाहिलं. हे काढणारा माणूस तळ्याकाठी किती तास बसला असेल?

बूथच्या काचेवर चिठ्ठी लावली, 'पेटी सापडली आहे, ओळख पटवून न्यावी'. तोवर पेटी घरी आणली. सांभाळायला, असं मायला सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेटीत नियमांचा कागद आहे, बारीक इंग्रजीत. शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी बसले. समजलं ते असं. दोघांनी खेळायचं, प्रत्येकाची चाळीस पत्त्यांची गड्डी, प्रत्येकाला वीस प्राण. दर पाळीला एकेक थेंब पाणी जास्त मिळतं. जो जीव मैदानात उतरवायचा त्याची किंमत थेंबांत द्यायची. पत्त्याच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा त्याचा मार, उजव्या कोपऱ्यातला त्याचा दम. दम संपला की जीव मेला. समोर अडवायला कुणी उरलं नाही की मार थेट आपल्या प्राणांवर.

बेडकांची एक खोड आहे. एकटा बेडूक कामाचा नाही, पण दोन बेडूक शेजारी बसले की दोघांचाही मार एकेकाने वाढतो. रांग लागली की विचारूच नका.

बेडकांच्या गड्डीत सदतीसच पत्ते आहेत. तीन कुठे पडले कोण जाणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ओट्यावर बसून माझी मीच खेळते. उजव्या हाताला शिपाई, डाव्याला बेडूक. रोज शिपाईच जिंकतात. मी उजव्या हाताची बाजू घेते की काय, असा संशय आला म्हणून आज हात बदलले. तरी शिपाईच.

नाना बाजेवर तंबाखू मळत होते. बेडकांचे प्राण दोनवर आले, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे आलं. त्याने कडेला बसलेला बेडूक उचलला आणि दुसऱ्या दोन बेडकांच्या मध्ये ठेवला. मी पटकन आकडे मांडले. दोन शिपाई आडवे!

मी वळून बघेपर्यंत नाना तंबाखू तोंडात टाकून पायरीवरून उतरले होते. इंग्रजी त्यांना येत नाही. पण आकडे येतात, आणि प्लॉटमधल्या पाट्या वाचून वाचून कोपऱ्यातला आकडा आधी बघायची सवयच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खेळलो. म्हणजे, तिघं खेळलो. नाना माझ्याशी बोलणार नाहीत, आणि न बोलता हा खेळ होत नाही. म्हणून माय चुलीपुढून निरोप पोहोचवत होती.

"ऐकलं का, तिला सांग, माह्या बेडकानं मारलं."

"कौसे, बेडकानं मारलं म्हंतेत."

"किती?"

"किती म्हंती."

"तीन."

"तीन म्हंतेत."

मी समोरच बसले होते, हातभर अंतरावर. एकदा भाकरी करपली तेव्हा माय चिडली. "आता तुमच्या बेडकायला इथं आणून बसवा तव्यावर! मी काय टेलिफोन हाये का?" नाना खाली बघून हसले. मला दिसू नये म्हणून मिशीवरून हात फिरवला, पण दिसलं.

हरले ते. तरी उठताना म्हणाले, "तिला सांग, गड्डीत भेसळ हाये."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी उठून बघते तर बेडकांच्या गड्डीला रबर लावलेलं, आणि पाच पत्ते वेगळे काढून चुन्याच्या डबीखाली ठेवलेले. दोन शिपाई, एक आगीचा सरडा, एक घुबड आणि बगळा. बगळा मला फार आवडतो, पण तो दर पाळीला आपलाच एक बेडूक खातो, हे खरं.

नानांनी गड्डीची भेसळ काढली! केंद्रावर हेच तर करतात ते. बियाण्याच्या प्लॉटमध्ये तूर फुलावर आली की ओळीओळीने फिरायचं, आणि ज्या झाडाचं फूल, पान, उंची बाकीच्यांसारखी नाही ते उपटून बांधावर टाकायचं. एक झाड राहिलं तरी पुढच्या वर्षी सगळं बियाणं बिघडतं म्हणतात. तीस वर्षं हेच केलेली माणसं घरातसुद्धा तशीच बघतात. माझ्याकडेही तसंच बघतात आजकाल.

आता पत्ते राहिले बत्तीस. आठ कमी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आठ पत्ते मीच काढायचं ठरवलं. जाड कागद हवा होता, तो घरात एकाच जातीचा आहे, लग्नपत्रिका. गेल्या दोन वर्षांची थप्पी मायने जपून ठेवली आहे. कोऱ्या बाजूने मापात कापल्या.

"लग्नाच्या पत्रिकेवर बेडूक!" माय म्हणाली. "कुणी बघितलं तर काय म्हनंल?"

"नवरदेव मागच्या बाजूला आहे, माय. त्याला काय दिसणार."

विहिरीवर जाऊन बेडूक बघत बसले. खरा बेडूक बसतो तेव्हा सगळं अंग ढिलं असतं, फक्त डोळा जागा असतो. हे मला आजवर माहीत नव्हतं. बावीस वर्षं विहिरीला जाते मी! सात बेडूक झाले. चांगले झालेत, मीच म्हणते.

आठव्याला मात्र हात बेडकावर जाईना. विहिरीशेजारच्या नांगरटीत एक टिटवी सारखी ओरडत होती, कुत्रं आलं म्हणून. तीच काढली. पिवळे पाय, डोळ्याजवळ लाल कातडी. मार शून्य, दम एक. खाली मराठीतच लिहिलं: 'आपला बेडूक मरायला लागला की टिटवी ओरडते, आणि तो बेडूक मरत नाही, हातात परत येतो.'

माय म्हणाली, "टिटवी कामून काढली? ती घरावर ओरडू ने म्हंतेत, आन् तू घरातच आणून राह्यली."  नानांनी पत्ते एकेक करून उजेडाकडे धरून बघितले, दाणे बघतात तसे. बराच वेळ लागला त्यांना.

१ डिसेंबर, सोमवार

टिटवी चुन्याच्या डबीखाली! मी परत गड्डीत घातली.

२ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा डबीखाली. पुन्हा घातली. आता चुना लागून तिची एक नखी पांढरी झाली आहे. या माणसाला झालंय तरी काय? सात बेडूक चालतात, टिटवीच तेवढी डोळ्यांत खुपते.

४ डिसेंबर, गुरुवार

नाना डबा विसरून गेले म्हणून बूथवर जाताना केंद्रावर नेऊन दिला. कडेच्या एका प्लॉटमध्ये सगळी तूर वाळून उभी होती. मर रोगाची जागा आहे ती. मुद्दाम तशी ठेवलेली, कोणतं वाण तग धरतं ते बघायला. त्या सगळ्या वाळक्यात एकच झाड हिरवंगार, शेंगांनी लगडलेलं. खोडाला लाल धागा बांधलेला.

नाना लांब पाण्याच्या टाकीकडे होते. शेजारी गोजरबाई खुरपत होत्या, नानांच्या बरोबरच्या मजूर. त्यांना विचारलं, हे भेसळीचं झाड कसं काय राहिलं?

"ते भेसळ न्हाई, बाई. ते येगळं निघालं. तुह्या बापानंच दाखवलं सायबाला. असं झाड उपटत नसतेत. धागा बांधून ठिवायचा, त्याचं बी येगळं धरायचं. काय सांगावं, त्याच्यातूनच नवं वाण निघतं."

"मग भेसळ कुठली आणि वेगळं कुठलं, हे कळतं कसं?"

"लौकर न्हाई कळत," गोजरबाई म्हणाल्या. "आधी हात उपटायलाच जातो. तुह्या बापाचा बी गेल्ता."

मला ते झाड फार आवडलं. घरी येऊन आठवणीतून काढून पाहिलं, पण शेंगा जमल्या नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

आज टिटवी गड्डीतच होती. कुणी काढली नव्हती. चुना कमी पडला असेल.

डाव रंगला. नानांची सहा बेडकांची रांग, माझे शिपाई एकदम तुटून पडले. मुकुटवाला बेडूक गेलाच होता. नाना पत्ता टाकून देणार, तेवढ्यात थांबले. टिटवीकडे बघत राहिले. मग तोंडाने हळूच, अगदी हळू, टिटवीसारखा आवाज काढला आणि बेडूक हातात घेतला!

माय पीठ मळता मळता ओट्यावर आली. "कोण वरडलं?"

नाना जिंकले, पहिल्यांदाच. मग मायला म्हणाले, "तिला इचार, औरंगाबादला चित्र शिकवतेत म्हंजे काय शिकवतेत? बेडूक काढायला?"

मी मायला सांगितलं: आधी हात, पाय, माणसं, झाडं, सगळं समोर ठेवून बघून काढायचं. दोन वर्षं बघायलाच शिकवतात. मायला हे सगळं नीट पोहोचवता येईना. "काही तरी बघायला शिकवतेत म्हंती," एवढंच म्हणाली. नाना म्हणाले, "हं." त्या 'हं'चा अर्थ काय, मला लागलेला नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रोज एक डाव होतो. मी शिपायांची गड्डीही बदलून पाहिली, काढून टाकलेला बगळा त्यात घातला, पण त्याला तिथे खायला बेडूक नाहीत, उपाशीच बसतो. नानांनी मायला विचारलं, तिचं औरंगाबादचं कॉलेज स्टेशनपासून किती लांब. मग विचारलं, बायकांना राहायची सोय आहे का. काय म्हणून विचारतात? नकार द्यायला कारणं गोळा करत असतील. सोय नाही म्हटलं की सुटले.

मी सोय आहे म्हणून सांगितलं. आहेच.

३१ डिसेंबर, बुधवार

डायरी संपली. पण जानेवारी ते ऑक्टोबर कोरंच आहे की. उद्यापासून पहिल्या पानावर जाणार. वार तेवढे खोडावे लागतील.

६ जानेवारी २००४, ~~सोमवार~~ मंगळवार

ज्याची भीती होती तो आला.

टाय लावलेला, तिशीचा माणूस, हातात औषध कंपनीची चामडी बॅग. फोन लावला नाही. आधी बाकीचे लोक जाऊ दिले, मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, ती चिठ्ठी... काळी पेटी. आत बेडूक आहेत का हो?" दोन महिने दुसऱ्या भागात फिरतीवर होता, आजच इकडे आला. देवानंद नाव. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तासन्‌तास बसावं लागतं, तेव्हा दुसऱ्या एका एमआरबरोबर खेळतो म्हणाला. सांगताना कानापर्यंत लाल झाला होता.

पेटी घरी आहे म्हटलं. रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणाला.

संध्याकाळी मायला सांगितलं, मायने नानांना. नाना म्हणाले, "ज्याची त्याला देऊन टाकावं." बरोबरच आहे. पण पेटी गेली की माय पोहोचवायची ते निरोपसुद्धा बंद होणार. मग आम्ही कशावर बोलणार? मला रडू आलं. बेडकांसाठी रडतेय असं समजून मायने गूळ दिला.

११ जानेवारी, ~~शनिवार~~ रविवार

 जमेल तसं लिहिते.

सकाळी आधी आले ते रामरावमामा. संक्रांत आली, पाहुण्यांना उत्तर पाहिजे. बाजेवर बसले, सुपारी कातरली. "दाजी, सोन्यासारखं स्थळ हाये. लोक थांबत न्हाईत बरं का." नाना म्हणाले, "बसा. चहा घ्या." एवढ्यात देवानंद आला.

नानांनी पेटी आणून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "एक डाव खेळतावं का?"

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. देवानंदने टाय सैल केला आणि मांडी घालून बसला. त्याने शिपाई घेतले, नानांनी बेडूक. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मामा मधूनमधून विचारत होते, "मंग काय सांगू त्यायला?" आणि नाना म्हणत होते, "जरा थांबा, राजा उतरवू द्या."

देवानंद चांगला खेळतो. नानांचे प्राण पाचवर आले. त्यांनी टिटवी टाकली. देवानंदने पत्ता उचलून उलटा केला. मागे छापलेलं: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. तो हसला, वाईट हसला नाही. "काका, हे हाताने काढलेले पत्ते चालत नाहीत. स्पर्धेत तर गड्डीतून काढूनच टाकतात. आणि ही तर बेडूकसुद्धा नाही."

नानांनी हात पुढे करून पत्ता परत घेतला.

"बेडूक न्हाईच ती," ते म्हणाले. "पण भेसळ बी न्हाई. येगळं निघालेलं हाये ते. मी बी आधी काढूनच टाकत होतो."

"हे चित्र कुणी काढलं?" त्याने विचारलं.

"माह्या पोरीनं."

देवानंदने पत्ता पुन्हा मागून घेतला. या वेळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. मामा कंटाळले. "अहो दाजी, त्या पाव्हण्यायला काय सांगू ते तर सांगा!"

नाना पत्ते नीट लावत होते. वर न बघता म्हणाले, "न्हाई म्हणून सांगा. राग मानू नका म्हणावं. पोरगी जूनपासून औरंगाबादला शिकायला जाऊन राह्यली."

चुलीवरचा चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

मग नाना म्हणाले, "कौसे, पाणी आण. पाव्हण्यायला बी."

माय सवयीने वळली, "कौसे, नाना पाणी मागतेत..."

"तिलाच म्हणलं मी," नाना म्हणाले.

मी आत गेले. माठापाशी उभी राहून रडले, खूप रडले, आणि मग तांब्या भरून नेला. नानांनी माझ्या हातून घेतला. पाणी पिऊन मलाच विचारलं, "त्याच्या शिपायाचा दम किती हाये गं?" मी म्हणाले, "चार, नाना."  

डाव नाना हरले. मामा चहा न घेता गेले, माय त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली. देवानंद म्हणाला, बेडूक ठेवून घ्या, माझ्याकडे शिपाई पुरेत. नाना नको म्हणाले, दुसऱ्याची वस्तू. एकेक करून त्याचे सगळे पत्ते पेटीत घातले, डबीखालचा सरडा आणि घुबडसुद्धा. आमच्याकडे राहिले सात बेडूक आणि टिटवी.

"आता बाकीचे बत्तीस कोण काढणार?" नाना मला म्हणाले. मला!

१२ जानेवारी, ~~रविवार~~ सोमवार

नाना पहाटेच केंद्रावर गेले, तुरीची काढणी आहे. डायरी उघडली तर आजच्या पानात टिटवी ठेवलेली. तिच्या पायांजवळ दाभणाने भोक पाडून लाल धागा ओवला आहे, दोन गाठी मारून.

पत्ता वाया गेला. आता गड्डी कितीही पिसली तरी टिटवी कुठे आहे ते बोटांना लगेच कळणार.

कळू दे.